वेव्हचं डोकं का कापलं जातं?

सिग्नल जनरेटर बोर्डापुढे अँप्लिफायर लावला आणि साइन वेव्ह वरून सपाट दिसली, की सगळे आयसीवर संशय घेतात. मी आधी मल्टिमीटरने डीसी मोजतो.

एडी ९८३३ चं आउटपुट शून्याच्या खाली जातच नाही, साधारण ०.०४ ते ०.६५ व्होल्टमध्ये फिरतं. गेन १० ठेवला, तर वरचं टोक ६.५ व्होल्टला जायला हवं. पण सप्लाय ±५ व्होल्टच! वेव्ह कापली जाणारच.

उपाय सोपा. नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटला सिरीजमध्ये कपॅसिटर लावा. डीसी अडतं, ±३ व्होल्टची पूर्ण वेव्ह मिळते. मात्र कपॅसिटरनंतर ग्राउंडला रेझिस्टर हवाच; नाहीतर बायस करंटला वाट मिळत नाही आणि आउटपुट एका टोकाला जाऊन बसतं.

मित्रांनो, आयसीचे पैसे वाचले तर चहा पाजा!