फॉर्म भरण्याआधी

पांडेसरा, सुरत

चि. सोनू यास,


ताईचा फोन आला होता. फिटर ट्रेडला तुला चांगले गुण मिळाले, ऐकून फार आनंद झाला. काळजी वाटली ती पुढचं ऐकून. रेल्वे, पोलीस, एसटी, निघेल तो फॉर्म भरायचा आणि काहीच नाही जमलं तर सुरतेला मामाकडे जाऊन हिऱ्यात बसायचं, असं तू ठरवलंयस म्हणे.

हिऱ्याचंच आधी सांगतो. लिंबायत-डिंडोलीत आपली खान्देशी माणसं घरोघर आहेत, त्यामुळे गावाकडे वाटतं की सुरतेत उतरलं की काम तयारच. पण हिरे घासायच्या घंटीवर दिवसभर मान खाली घालून बसावं लागतं. तांदळाच्या दाण्याहून लहान खडा फिरत्या चकतीवर टेकवायचा, उचलायचा, भिंगातून बघायचा, पुन्हा टेकवायचा. गोल ब्रिलियंट घाटाला ५७ पैलू. मजुरी बहुतेक ठिकाणी नगावर, आणि गेली काही वर्षं मंदीने भल्या भल्या कारागिरांचं काम गेलंय. तुला लहानपणापासून पाहतोय. तू अर्धा तास एका जागी बसत नाहीस, पण बिघडलेली मोटर दिसली की जेवण विसरतोस. हे तुझ्या निकालपत्रावर लिहिलेलं नसतं. निवड करताना मात्र तेच आधी धरायला हवं.

म्हणून फॉर्म भरण्याआधी एवढंच विचार: या नोकरीत सकाळी गेल्यापासून सुटेपर्यंत मी नेमकं काय करणार? ते काम करणारा एक माणूस गाठ आणि त्याच्याकडून एका पाळीचा हिशेब ऐक. पगार शेवटी विचार.

आमच्या प्रोसेस हाऊसमध्ये मेन्टेनन्सला मुलं घ्यायची असली की ट्रेड टेस्ट मीच घेतो. हातात व्हर्नियर आणि एक शाफ्ट देतो आणि व्यास मोजायला सांगतो. ‘लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर’ हे सगळेच घडाघडा सांगतात. मग व्हर्नियर तिरपा धरतात आणि एकदाच मोजून आकडा सांगून मोकळे होतात. ज्या मुलाने आधी जबडे पुसले, ते मिटून शून्य जुळतंय का पाहिलं, मग शाफ्ट दोन-तीन ठिकाणी, आडवा आणि उभा मोजला, त्याला मी पुढे फारसं विचारत नाही. एवढ्याशा कृतीत तो मशीनशी कसा वागेल ते कळतं. दुसरा माझा प्रश्न जेट मशीनचा. पॉलिएस्टर १३० अंशांवर, दाबाखाली रंगतं. आत कापड अडकलंय, मास्तर घाई करतोय, झाकण उघडशील का? दाब पूर्ण उतरेपर्यंत कोणी का सांगेना, उघडणार नाही, असं ठामपणे म्हणणारा मुलगा मला हवा असतो. याची तयारी गाइड वाचून होत नाही. तुझ्या आयटीआयच्या सरांना विनंती कर, महिनाभर वर्कशॉपमध्ये येऊ द्या म्हणावं. रोज फाइल चालव, रोज मोज.

आता रेल्वे. असिस्टंट लोको पायलटचा फॉर्म भरायचा असेल तर पुस्तक घेण्याआधी डोळे तपासून घे. चष्म्याशिवाय ६/६ नजर लागते, रंग नीट ओळखता यावे लागतात, आणि लेसिक करून घेतलेले डोळे चालत नाहीत. तू दहावीत चष्मा लावायचास, म्हणून हे बजावून सांगतो. दोन-दोन वर्षं क्लास लावून मेडिकलला परत आलेली मुलं आमच्याच सोसायटीत आहेत. त्यांच्या आयांचे चेहरे बघवत नाहीत. नजर बसत नसेल तर रेल्वेतल्या बाकी तांत्रिक जागांच्या अटी बघ, त्या सगळ्याच इतक्या कडक नसतात.

नजर बसली तर पुढचं ऐक. पहिल्या टप्प्यात ६० मिनिटांत ७५ प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण जातो, म्हणून अंदाजाने टिचक्या मारू नकोस. दुसऱ्या टप्प्यानंतर अॅप्टिट्यूड टेस्ट, सीबीएटी, आणि बरीच मुलं तिथेच गडबडतात. आकृत्या लक्षात ठेवणं, सूचनेप्रमाणे चालणं, रचलेल्या ठोकळ्यांत एका ठोकळ्याला किती टेकलेत ते मोजणं, भराभर सारखं-वेगळं शोधणं, असले प्रकार. प्रत्येक चाचणीत किमान ४२ टी-स्कोअर लागतो, कुठल्याही प्रवर्गाला सूट नाही. चार उत्तम आणि एक कच्ची, तरी बाहेर. प्रश्न हिंदी-इंग्रजीतच येतात, तेव्हा सराव हिंदीतून कर. रेल्वेच्या आरडीएसओच्या संकेतस्थळावर नमुने आहेत, फुकट आहेत, घड्याळ लावून सोडव. ही चाचणी उगीच ठेवलेली नाही. इंजिनात असिस्टंट आणि पायलट प्रत्येक सिग्नल मोठ्याने एकमेकांना सांगतात, रात्री तीन वाजतासुद्धा. तिथे लक्ष ढळून चालत नाही. रात्रीची जाग तुला मानवते का, हेही बघ.

हजिऱ्याच्या मोठ्या कंपन्यांत अप्रेंटिसची जागा निघाली तर ती सोडू नकोस. काही कंपन्या स्वभावाची प्रश्नावली देतात. तिथे शोभेलसं लिहू नकोस, खरं लिही. तोच प्रश्न फिरवून पुन्हा येतो आणि बनाव उघडा पडतो. आणि नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर दाजींना एक रुपया देऊ देऊ नकोस.

डोळ्यांची तपासणी उरकली की अमळनेरहून गाडीत बस आणि उधन्याला उतर, मी घ्यायला येतो. चार दिवस माझ्याबरोबर पाळीला चल. मूळ प्रमाणपत्रं ताईकडे ठेव, झेरॉक्स आण.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा