यंत्राचे उत्तर आणि आपली जबाबदारी



कृत्रिम बुद्धिमत्ता आता आपल्या घरात येऊन पोहोचली आहे. कोणी तिच्याकडून अर्जाचा मसुदा लिहून घेतो, कोणी मुलांचा गृहपाठ समजून घेतो, कोणी इंग्रजी पत्राचा मराठी अर्थ विचारतो. ही कामे वैध आहेत. मीही ती करून घेतो. परंतु आता तिला दीनचे मसलेही विचारले जातात. तेथे मात्र थोडे थांबावयास हवे.

गेल्या रमजानमध्ये एक भगिनी म्हणाल्या, "मौलाना, माझ्याकडे शंभर ग्रॅम सोन्याचे दागिने आहेत. अंगावरच्या दागिन्यांवर जकात नाही, असे मोबाइलने सांगितले. म्हणून यंदा काढली नाही."

उत्तर अगदीच निराधार नव्हते. शाफई मजहबात स्त्रीच्या नेहमीच्या वापरातील दागिन्यांवर जकात नाही आणि कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफईच आहेत. पण या भगिनी हनफी. हनफी मजहबात सोने अंगावर असो वा पेटीत, ८७.४८ ग्रॅमचा निसाब पूर्ण होऊन वर्ष उलटले की चाळिसावा हिस्सा द्यावाच लागतो. म्हणजे अडीच ग्रॅम सोन्याएवढा गरिबांचा हक्क त्यांच्या कपाटात राहिला होता. आपला मजहब त्यांनी सांगितला नाही. यंत्राने तो विचारला नाही.

असे का होते? हे यंत्र अफाट मजकुरावरून शब्दांची घडण शिकते आणि पुढे कोणता शब्द शोभेल, हे अनुमानाने ठरवते. म्हणूनच कधीकधी ते अस्तित्वात नसलेली हदीसही ग्रंथाचे नाव व क्रमांक देऊन आत्मविश्वासाने सांगते. आपल्या मुहद्दिसांची रीत याच्या नेमकी उलट होती. कोणी कोणाकडून ऐकले, तो सच्चा होता काय, त्याची स्मरणशक्ती कशी होती, हे तपासल्याविना ते रिवायत स्वीकारीत नसत. इमाम बुखारी (रह.) यांनी त्यासाठी हिजाज, इराक, शाम व मिस्रपर्यंत प्रवास केला. यंत्राच्या उत्तराला अशी सनद नसते आणि चूक झाल्यास अल्लाहसमोर जाब त्याला नव्हे, आपल्याला द्यावयाचा आहे.

सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे. तो येथेही पाळावा. यंत्राने हदीस सांगितली तर ती मूळ ग्रंथात पाहावी; न सापडल्यास पुढे पाठवू नये. जकात, तलाक, वारसा यांचे प्रश्न आपली परिस्थिती जाणणाऱ्या आलिमांसमोर ठेवावेत. घरातील कलह आणि इतरांची गुपिते अमानत असतात. ती यंत्रात लिहू नयेत.

त्या भगिनींनी त्याच आठवड्यात जकात अदा केली. अल्लाह ती कबूल करो आणि आपणा सर्वांना विचारण्यापूर्वी कोणाला विचारावे, याची समज देवो. आमीन.