दिवा मंद का जळतो? दाब, प्रवाह आणि रोध यांचा हिशेब

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात दिवे लख्ख उजळतात, आणि तेथूनच तार ओढून वीज नेलेल्या शाळेच्या खोलीत मात्र पंखा रेंगाळतो, अशी तक्रार पुष्कळ गावांत ऐकू येते. दोष वरून येणाऱ्या विजेचा आहे असे गृहीत धरून अर्ज पाठविले जातात. तो दोष अनेकदा गावाने स्वतः टाकलेल्या तारेतच दडलेला असतो. तो हुडकण्यास दोन आकडे पुरेसे होतात : व्होल्टमध्ये मोजलेला दाब आणि अँपिअरमध्ये मोजलेला प्रवाह.

नळयोजना चालविणाऱ्यांना ही कल्पना परकी वाटू नये. टाकी जितकी उंच तितका पाण्याला जोर अधिक. नळ जितका अरुंद व लांब तितका अडथळा अधिक. विजेच्या बाबतीत जोर म्हणजे दाब, आणि तारेने केलेला अडथळा म्हणजे रोध. दाबाला प्रवाहाने भागले की रोध ओहममध्ये मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती वॉटमध्ये मिळते.

पहिले नाते गेऑर्ग झिमोन ओहम (१७८९–१८५४) या जर्मन शिक्षकाने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडले. कोलोन येथील शाळेत शिकवीत असतानाच त्याने वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊन हे प्रयोग केले होते. त्या काळच्या विद्युतघटाचा दाब स्थिर राहीना, म्हणून त्याने तांबे व बिस्मथ यांच्या उष्णतेवर चालणाऱ्या युग्माचा आधार घेतला. स्वदेशात आरंभी त्याची उपेक्षाच झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्याला कॉप्ले पदक दिले. शाळेतील साधनांच्या तुटपुंजेपणाची खंत वाटणाऱ्या शिक्षकांनी हा इतिहास वर्गात अवश्य सांगावा.

आता एक साधे उदाहरण घेऊ. विजेची शेगडी २३० व्होल्ट दाबावर ४.३५ अँपिअर प्रवाह घेते. गुणाकार केल्यास तिची शक्ती १,००० वॉट येते आणि भागाकार केल्यास रोध सुमारे ५३ ओहम येतो. दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला तर प्रवाह ३.४ अँपिअर होतो आणि शक्ती उरते अवघी ६१२ वॉट. दाब बावीस टक्क्यांनी घटला, पण शक्ती एकोणचाळीस टक्क्यांनी घटली. कारण दाबाबरोबर प्रवाहही कमी झाला.

शाळेच्या तारेकडे वळू. शाळा कार्यालयापासून १०० मीटर दूर आहे आणि दीड चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार टाकली आहे, असे समजू. जाणारी व परतीची मिळून लांबी २०० मीटर होते; हा दुसरा पदर हिशेबात धरावयाचा बहुधा राहून जातो. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७२ ओहम असतो. म्हणजे या तारेचा रोध सुमारे २.३ ओहम असावयास हवा.

प्रत्यक्ष रोध किती आहे, हे पंखे-दिवे चालू ठेवून पाहावे. मापन परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे. कार्यालयात २३० व्होल्ट, शाळेत २१० व्होल्ट आणि प्रवाह ५ अँपिअर असे आकडे आले, तर तारेत २० व्होल्ट खर्ची पडले. २० भागिले ५, म्हणजे ४ ओहम. अपेक्षा २.३ ओहमची होती. उरलेला १.७ ओहम कोठे आहे? बहुधा एखाद्या सैल किंवा गंजलेल्या सांध्यात. तारेत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते. त्या एका सांध्यात २५ गुणिले १.७, म्हणजे ४२ वॉटहून अधिक उष्णता निर्माण होत आहे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न पुष्कळदा २५ वॉटचेच असते, आणि त्यावर शिसे-कथील वितळते! हा सांधा छपराच्या लाकडाजवळ असला तर प्रश्न केवळ मंद दिव्याचा उरत नाही. संगणक व इतर उपकरणे जोडून प्रवाह १० अँपिअर झाला, तर तेथील उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होईल : १७० वॉट.

सांधा निर्दोष असला तरी १० अँपिअर प्रवाहाला ती बारीक तार २३ व्होल्ट व २३० वॉट गिळते. वीजमापक कार्यालयात असल्याने त्याचे पैसे पंचायतच भरते. चार चौरस मिलिमीटरची तार घातल्यास रोध ०.८६ ओहमवर व तोटा ८६ वॉटवर येतो. स्वस्त तारेचे अंदाजपत्रक मंजूर करताना हा हिशेब टिपणीत असावा.

मोटरला मात्र हा सरळ नियम जसाच्या तसा लावता येत नाही. पाणीपुरवठ्याची ५ अश्वशक्तीची त्रिकला मोटर ४१५ व्होल्टवर ७.५ अँपिअर घेत असेल, तर दाब व प्रवाह यांच्या गुणाकारास १.७३ ने व पुन्हा शक्तिगुणकाने गुणावे लागते. शक्तिगुणक ०.८५ धरल्यास उत्तर सुमारे ४,५८० वॉट येते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट; त्या हिशेबाने पंपाला मिळतात ३,७३० वॉट, बाकीचे मोटरमध्येच खर्ची पडतात.

शिवाय दाब घटला की शेगडी कमी प्रवाह घेते, पण भार ओढणारी मोटर अधिक प्रवाह घेऊ लागते. प्रवाह वीस टक्क्यांनी वाढला तर तिच्या वेष्टनातील उष्णता १.४४ पट होते. अशा वेळी मोटर वारंवार बंद पडते म्हणून रिलेचा काटा वर सरकविण्याची पद्धत आहे. मग मोटर बंद पडत नाही. वेष्टनावरील लेप करपत जातो, आणि ऐन उन्हाळ्यात गावाचे पाणी थांबते.