चूक पुसू नका, दिसू द्या

हजेरीपत्रकात चूक झाली तर आपण व्हाइटनर लावत नाही. आडवी रेघ मारतो, बरोबर नोंद करतो आणि सही करतो. नवीन औषधाची माणसांवर चाचणी घेतानाही हाच नियम असतो.

पूर्वी ही माहिती कागदी फॉर्मवर असायची, आता ती बहुतेक ऑनलाइन भरतात. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ साली तयार झालेली 'रेडकॅप' ही अशीच एक प्रणाली. तिची मुख्य कामे :

१. वय ४५ ऐवजी ४५० टाकलं, तर लगेच सूचना देणे.
२. नोंद कोणी, कधी, काय बदलली हे जपून ठेवणे.
३. ज्याचं काम आहे त्यालाच माहिती दाखवणे.

याचा उपयोग काय? २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत डॉक्टर ऑनलाइन फॉर्म भरत आणि कोणाला कोणता उपचार द्यायचा हे संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवी. ६,४२५ रुग्णांच्या नोंदींवरून कळलं, की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. नोंदीच खोट्या असत्या तर?

म्हणून मुलांनाही सांगूया : वहीत चुकलं तर पान फाडू नका. रेघ मारा आणि खाली बरोबर उत्तर लिहा.