निकालाच्या दिवशी सर्व्हर का अडतो?

१६ जुलै २०२१ हा दिवस तुमच्या दादा-ताईंना आठवत असेल. त्या दिवशी दुपारी दहावीचा निकाल जाहीर झाला. विद्यार्थी होते सुमारे पावणेसोळा लाख. सर्वांनी एकदमच निकालाचे संकेतस्थळ उघडले आणि ते कित्येक तास उघडेना. असे का होते आणि ते कसे टाळता येते, हे आज समजून घेऊ.

त्यासाठी प्रथम महर्षी कर्व्यांच्या मुरूड गावी जाऊ. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातले हे गाव नारळी-पोफळींच्या वाड्यांचे. पूर्वी वाडीचे शिंपण विहिरीवरच्या रहाटाने होई. रहाटाचे पाणी डोणीत पडे आणि डोणीतून पाटाने झाडांच्या आळ्यांत जाई. एखादे आळे लहानमोठे केले, तर फरक त्या एकाच झाडाला पडतो. पण डोणीचे तोंड लहानमोठे केले, तर फरक साऱ्या वाडीला पडतो.

सर्व्हर म्हणजे मागेल त्याला माहिती पुरवणारा संगणक. त्याच्यातही अशी ‘डोणीची तोंडे’ असतात. मुख्य मांडणीच्या फायलीत लिहिलेली एक ओळ त्यावरच्या प्रत्येक पानाला लागू होते. अशा तीन ओळी पाहू.

पहिली ओळ कामगारांच्या संख्येची. येणारी प्रत्येक विनंती सर्व्हरमधील एक ‘कामगार’ हाती घेतो. अपॅची या प्रसिद्ध सर्व्हर-प्रणालीच्या जुन्या पद्धतीत ही कमाल संख्या मुळात २५६ ठेवलेली असते. आता असे समजा, की आपल्या सर्व्हरची स्मृती ८,००० मेगाबाइट आहे. त्यातील २,००० इतर कामांना लागतात आणि प्रत्येक कामगार ४० मेगाबाइट व्यापतो. तर ६,००० भागिले ४०, म्हणजे १५० कामगारच मावतील. २५६ कामगारांना १०,२४० मेगाबाइट लागतील! मग संगणक उरलेला पसारा तबकडीवर ठेवतो. तबकडी स्मृतीहून कितीतरी मंद, म्हणून सगळेच काम रखडते. कामगार वाढवले की काम वाढते, असे नेहमीच होत नाही. येथे १५० हाच आकडा योग्य.

एका विनंतीला अर्धा सेकंद लागत असेल, तर १५० कामगार सेकंदाला ३०० विनंत्या उरकतील. आता पावणेसोळा लाखांना ३,६०० ने भागा. सर्वजण तासाभरात अगदी सारख्या अंतराने आले, तरी सेकंदाला सुमारे ४३७ जण येतात. म्हणजे दर सेकंदाला १३७ जण मागे राहणार आणि एका मिनिटात रांग आठ हजारांवर जाणार! त्यातच कंटाळून जो तो पुन्हा पुन्हा बटण दाबतो आणि प्रत्येक दाबणे ही नवी विनंती ठरते. रांगांचे हे गणित नवे नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एरलांग यांनी १९०९ साली दूरध्वनीच्या बाबतीत ते प्रथम मांडले.

दुसरी ओळ वाट पाहण्याची. पान दिल्यावर ‘आणखी काही हवे का?’ म्हणून कामगार काही काळ थांबतो. अपॅचीत हा काळ मुळात ५ सेकंद असतो. अर्ध्या सेकंदाचे काम आणि पाच सेकंदांचे थांबणे! १५० भागिले साडेपाच, म्हणजे सेकंदाला जेमतेम २७ जण. थांबणे १ सेकंदावर आणले, तर १०० जण. नव्या पद्धतीत थांबलेल्या जोडण्या एका वेगळ्या पहारेकऱ्याकडे सोपवतात, त्यामुळे कामगार लगेच मोकळा होतो आणि पुन्हा ३०० चा वेग मिळतो.

तिसरी ओळ साठवणीची. एकदा लागलेला निकाल क्षणाक्षणाला बदलत नाही. मग दर वेळी माहितीच्या कोठारात शोध का घ्यायचा? पाने आधीच तयार करून ठेवली, तर अर्ध्या सेकंदाचे काम, समजा, ०.०५ सेकंदात होईल. त्याच १५० कामगारांकडून सेकंदाला ३,००० विनंत्या उरकतील! नवे यंत्र न घेता वेग दहापट झाला.

मात्र साठवण सर्वत्र चालत नाही. रेल्वेच्या रिकाम्या जागांचा आकडा क्षणोक्षणी बदलतो. तेथे जुने पान दाखवले, तर ते चुकीचे उत्तर ठरेल. शिवाय डोणीचे तोंड कितीही मोठे केले, तरी विहिरीत नसलेले पाणी येणार नाही. मागणी फारच मोठी असेल, तर अनेक सर्व्हरांवर ती वाटून द्यावी लागते.

करून पाहा : शाळेत पाणी पिण्याच्या नळांवर मधल्या सुट्टीत मिनिटाला किती मुले येतात आणि प्रत्येकाला किती सेकंद लागतात, ते मोजा. त्यावरून किती नळ पुरतील, ते काढा. मग प्रत्येकजण पाणी पिऊन झाल्यावर नळाशी पाच सेकंद उगाच उभा राहिला, असे धरून तेच गणित पुन्हा करा. उत्तरांतील फरक वर्गात शिक्षकांना दाखवा.