गर्भारपण आणि यकृतातील सौम्य गाठी

द्राक्षांच्या हंगामात निफाड तालुक्यातील अनेक स्त्रिया सकाळपासून बागेत राबत असतात. अशा वेळी एखाद्या गर्भवतीच्या उजव्या बरगडीखाली दुखू लागले, तर ते कष्टाचे दुखणे समजून अंगावर काढले जाते. वस्तुतः वाढलेला रक्तदाब, पित्ताशयातील खडे आणि क्वचित यकृतातील गाठ, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते.

गाठ म्हणजे कर्करोगच, हा समज चुकीचा आहे. यकृतातील सौम्य गाठी प्रामुख्याने तीन प्रकारच्या असतात. रक्तवाहिन्यांची गाठ, म्हणजे हिमँजिओमा, सर्वांत अधिक आढळते. त्याखालोखाल फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया हा प्रकार येतो. या दोहोंमुळे गर्भारपणात सहसा बाधा येत नाही.

तिसरा प्रकार ॲडेनोमा. तो विरळा, परंतु अधिक जपण्याजोगा आहे. स्त्रीसंप्रेरकांमुळे तो वाढू शकतो. संततिप्रतिबंधक गोळ्यांशी असलेला त्याचा संबंध १९७३ साली प्रथम निदर्शनास आला. गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असल्यास ती फुटून पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. विशेषतः अखेरच्या तिमाहीत असे घडल्यास माता व बालक दोघांच्याही जिवावर बेतते.

म्हणून मोठ्या ॲडेनोमावर गर्भधारणेपूर्वीच उपचार करणे इष्ट. गाठ लहान असल्यास मातृत्वास मज्जाव नाही. मात्र दर सहा ते बारा आठवड्यांनी सोनोग्राफी करून तिच्या वाढीवर लक्ष ठेवावे, असे युरोपीय यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सुचविले आहे. ॲडेनोमा असलेल्या स्त्रीने इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या टाळून डॉक्टरांच्या सल्ल्याने तांबीसारखे अन्य साधन निवडावे. इतर स्त्रियांनी मात्र या माहितीने घाबरून गोळ्या सोडण्याचे कारण नाही.

गावपातळीवर काय करता येईल? प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दरमहा ९ तारखेला होणाऱ्या तपासणीस प्रत्येक गर्भवती जाईल, हे सरपंच, शिक्षक व आशा कार्यकर्तींनी पाहावे. गाठीचे निदान झाले असल्यास त्याची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर करून घ्यावी. शस्त्रक्रिया व रक्तपेढीची सोय असलेल्या रुग्णालयातच प्रसूती व्हावी, हे आधीच ठरवावे.

पोटात अकस्मात तीव्र कळ, घेरी, थंड घाम ही लक्षणे दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व गाठीची माहिती डॉक्टरांना प्रथम सांगावी. कार्डावरील ती एक ओळ अशा वेळी दोन जीव वाचवू शकेल.