भावाआधी पन्हा विचारा

कुर्ला पश्चिमेच्या बाजारात कापड घ्यायला गेलात की भावाआधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. खर्चाची सगळी गोम तिथेच आहे. समजा, ४४ इंच पन्ह्याचं कॉटन १२० रुपये मीटर आहे आणि ५८ इंच पन्ह्याचं १५०. गुडघ्यापर्यंतच्या साध्या कुर्त्याला पहिलं अडीच मीटर लागतं, म्हणजे ३०० रुपये. दुसऱ्यात मध्यम मापाच्या कुर्त्याचा पुढचा-मागचा भाग शेजारी-शेजारी बसतो, बाह्या त्याखाली निघतात. पावणेदोन मीटरमध्ये, साधारण २६० रुपयांत भागतं. चौकडा किंवा एकाच दिशेची नक्षी असेल तर जुळवणीसाठी पाव-अर्धा मीटर जास्त घ्या. अंब्रेला घेराला चार मीटरही कमी पडू शकतं. नवशिक्यांनी पहिला कुर्ता सरळच शिवावा, असं माझं ठाम मत आहे. अस्तर आणि दोऱ्याचे शे-सव्वाशे वेगळे धरा.

याच कुर्ल्यात १८८६ साली जमशेटजी टाटांनी धरमसी मिल विकत घेतली आणि तिची स्वदेशी मिल झाली. गिरणीच्या कापडावर तिचा छाप असे. आज ताग्यावरून फाडून मिळणाऱ्या बऱ्याच कापडाला नावगाव नसतं, तेव्हा पारख आपणच करायची. कापड मुठीत दाबून सोडा. अजिबात चुरगळलं नाही तर पॉलिस्टर मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. खात्री हवी तर चिंधी मागून घरी आणा आणि चिमट्यात धरून तिचा धागा जाळा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, हलकी राख पडते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. मुंबईच्या घामात चार पैसे जास्त देऊन सुतीच घ्यावं.

सुती कापड शेकडा पाच आटलं तरी अडीच मीटरमागे साडेबारा सेंटीमीटर जातात. तेवढं वाढीव घ्या. कापण्याआधी कापड आणि अस्तर दोन्ही भिजवा, वाळवा, इस्त्री करा.

पॅटर्न विकत घ्यायची गरज नाही. अंगाला नीट बसणारा जुना कुर्ता (ताणणाऱ्या होजिअरीचा नको) खाकी कागदावर ठेवून आखा, शिवणीला इंचभर सोडा. आधी मांजरपाटावर किंवा जुन्या चादरीवर बेतून बघा. मुंढा काचतो का, ते तिथेच कळतं.

तीन-चार कुर्त्यांचं कापड एकदम घ्यायचं असेल तर दादरचं हिंदमाता गाठा, कुर्ल्याहून धिम्या गाडीनं तिसरं स्टेशन. कुठेही घ्या, दुकानदार कापड फाडण्याआधी पन्हा आणि मीटर समोर मोजून घ्या. फाडलेलं कापड सहसा परत घेत नाहीत.